वाणात फिरलेली नाताळची कादंबरी

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे आणि माझं डोकं फिरलेलं आहे. जुनी म्हटलं की तुम्हाला वाटेल, पानं पिवळी पडली असतील, कोणाच्या तरी चहाचा डाग पडला असेल. तसं काहीच नाही. पाच वर्षं मी प्लास्टिकच्या पिशवीत कोरी करकरीत पडून होते. पुस्तकाला ते कसं वाटतं हे समजून घ्यायचं असेल, तर नवे बूट घालून पाच वर्षं एकाच जागी उभे राहून पाहा.

माझा जन्म नागपूरच्या एका लहानशा छापखान्यात झाला. मला लिहिणाऱ्या बाई अचलपूरकडच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. दर नाताळाला एक गोष्ट लिहायची असं त्यांनी ठरवलं होतं, आणि मी त्यांची चौथी. माझं नाव 'धुक्यातला नाताळ'. माझ्यात चिखलदऱ्याच्या डोंगरातलं एक छोटं चर्च आहे. एस्तेर नावाची परिचारिका सुटीत घरी येते. दानिएल नावाचा सुतार चर्चचे मोडके बाक दुरुस्त करत असतो. सव्वीस डिसेंबरच्या बसनं एस्तेरला परत जायचं आहे. एवढीच गोष्ट, दोनशे बारा पानांची. माझ्यात खून नाही, दारू नाही, कोणी कोणाला फसवत नाही. एकशे चाळिसाव्या पानापर्यंत दानिएल एस्तेरच्या हातात कॉफीच्या कपाशिवाय काही देत नाही.

यावरून लोक मला नावं ठेवतात. म्हणतात, यात वाचायचं काय? पहिल्याच पानावर कळतं की यांचं लग्न होणार. अहो, कळतंच! कळावं म्हणूनच तसं लिहिलंय. पण हे सांगायचं कोणाला? पुस्तकाला तोंड असतं, पण ते दुसऱ्यानं उघडावं लागतं.

नाताळाच्या सुमारास मी भिलाईला आले. चर्चच्या आवारात पुस्तकांचं टेबल लागलं होतं आणि तिथं मोना नावाची नर्स बसली होती. ती मूळची नागपूरचीच. मला आवडलेलं ते पहिलं माणूस, कारण तिनं मला विकण्याआधी वाचून काढलं होतं. जानेवारी उजाडला तरी आम्ही वीस बहिणी टेबलावर उरलो होतो. तेवढ्यात गीता आली. हिचा नवरा उमाकांत स्टील प्लांटमध्ये नोकरीला, राहणं टाउनशिपच्या क्वार्टरमध्ये. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दरवर्षी तेच ते प्लास्टिकचे डबे लुटून तिला कंटाळा आला होता. या वर्षी काहीतरी वेगळं वाण द्यायचं तिच्या मनात होतं. मोना तिला सांगत होती की दिवसभर दवाखान्यात काय काय पाहावं लागतं, त्यातलं सगळंच काही चांगलं होऊन संपत नाही, मग घरी येऊन जे नक्की चांगलं संपणार आहे असंच काहीतरी वाचावंसं वाटतं. गीतानं मान डोलावली. पण ती माझ्या कव्हरकडेच पाहत होती. डोंगर, धुकं, शाल पांघरलेली मुलगी, मागं चर्च. छान आहे म्हणाली आणि वीसच्या वीस घेऊन गेली.

मित्रांनो, मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू? वीस घरं, वीस बायका! घरी नेल्यावर गीतानं रीतीप्रमाणे आम्हा सगळ्यांना हळदीकुंकवाचं बोट लावलं. माझ्या वाट्याचं कुंकू नेमकं चर्चच्या क्रुसावर उमटलं. ते अजून तसंच आहे आणि मला ते शोभतं. मग तिनं आम्हाला एकेका पिशवीत घातलं आणि माझ्या आयुष्यातली वाया गेलेली पाच वर्षं सुरू झाली.

मी पहिल्यांदा गेले खुर्सीपारच्या नीतूकडे. नीतूनं मला पिशवीतून अर्धं बाहेर काढलं, पुस्तक आहे हे पाहिलं आणि परत आत ढकललं. वाण टाकून देता येत नाही, नाकारता येत नाही आणि नीतूच्या मते वाचताही येत नाही. मग उरलं काय? कपाट. दोन वर्षं मी तिच्या नव्या साड्यांखाली होते. माझ्या वजनानं साड्यांची घडी चांगली बसते, असं ती एकदा शेजारणीला म्हणाली. माझ्याबद्दल कोणी काही चांगलं बोललं असेल तर तेवढंच.

मग नीतूकडे हळदीकुंकू आलं. एक वाण कमी पडत होतं आणि तिला माझी आठवण झाली. तिनं मला तशीच, त्याच पिशवीत, उतईच्या मितालीला देऊन टाकलं. मितालीनं मला मिक्सरखाली ठेवलं, कारण तिचा ओटा एका बाजूला उतरता होता. दोन वर्षं माझ्या अंगावर चटण्या वाटल्या गेल्या. माझ्या पोटात एस्तेर आणि दानिएल नाताळच्या कॅरलगीतांची तालीम करत होते आणि वर घर्रर्र घर्रर्र चाललेलं. मितालीकडून मी भिलाई-३च्या सिंधुताईंकडे गेले. सिंधुताई हुशार बाई. त्यांनी मला हात लावला नाही, जागा दिली नाही, दारामागच्या खुंटीला पिशवीसकट अडकवलं. पुढच्या संक्रांतीला खुंटीवरून काढलं आणि ओटीत घातलं. कोणाच्या? गीताच्याच!

गीतानं घरी येऊन पिशवी उघडली. क्रुसावरचं कुंकवाचं बोट पाहिलं. आपलंच बोट ओळखायला तिला वेळ लागला नाही. आधी ती हसली, मग तिचा चेहरा उतरला, कारण आपण तरी कुठं मला वाचलं होतं हे तिला आठवलं. तिनं मला गुपचूप टीव्हीशेजारी ठेवलं. तिथं पलंगावर तिच्या सासूबाई, नलूआजी, बसल्या होत्या.

आता नलूआजींबद्दल नीट ऐका. आजी भंडाऱ्याकडच्या, लग्न होऊन भिलाईत आल्या त्याला पन्नास वर्षं झाली. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, आणि डावा तर पुरता पांढरा झाला होता. तांदळातले खडे त्या बोटांनी शोधत. दोनदा पायरी चुकून पडल्या होत्या. डॉक्टरांनी बजावलं होतं की आणखी उशीर केला तर डोळा कायमचा जाईल. पण आजी दवाखान्याचं नाव काढू देत नव्हत्या. तीस वर्षांपूर्वी गावाकडे त्यांच्या मोठ्या बहिणीचं असंच ऑपरेशन झालं होतं आणि तिचा डोळा गेला होता. ती भीती आजींच्या मनात घट्ट बसली होती. मुलानं समजावलं, सुनेनं हात जोडले, नात उन्नती रुसली. आजी म्हणत, आहे तेवढं दिसते, पुरे.

पिशवीची चुरचुर ऐकून आजींनी विचारलं, काय आहे? गीता म्हणाली, पुस्तक आहे. आजी म्हणाल्या, मग वाच ना. एवढी साधी गोष्ट, मित्रांनो! पाच वर्षांत हे शब्द कोणाच्या तोंडून निघाले नव्हते. गीताची पोळी तव्यावर होती. उन्नतीनं दीड पान वाचलं, पण बस सुटायला आल्यासारखं भरभर, मधल्या ओळी गाळत. आजींनी तिला थांबवलं. शेवटी मी आले आजींच्या यजमानांच्या, सुखरामआजोबांच्या हातात.

आजोबा प्लांटमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. रोजचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्यानं वाचायची त्यांना सवय. प्रेमकथा म्हटल्यावर त्यांनी नाक मुरडलं. पण दुपारच्या जेवणानंतर व्हरांड्यात ऊन छान येई आणि दुसरं काही काम नव्हतं. मग रोज पाचसहा पानं वाचायची असं सुरू झालं. काय ते वाचणं! प्रत्येक पानावर थांबून टीका. हे लाकूड ओलं आहे, असा सांधा टिकणार नाही. एवढ्या थंडीत सरस धरत नाही. एस्तेरबद्दल एक शब्द नाही, सगळं लक्ष बाकांवर. मी नुसती कातावून जायची.

आजींना मात्र सगळं आवडत होतं. चर्चमधली तालीम त्यांना भजनाच्या तालमीसारखी वाटली. दानिएल जेवणाआधी डोळे मिटून हात जोडतो ते त्यांनी दोनदा वाचायला लावलं. देव कोणाचा का असेना, पोरगं गुणाचं आहे, असं त्या म्हणाल्या. सून समोर भाजी निवडत बसली तरी ऐकायला संकोच वाटत नाही, हेही त्यांनी बोलून दाखवलं. गीता भाजी निवडायला रोज तिथंच बसू लागली. आजोबांच्या आवाजातही हळूहळू फरक पडला. दानिएलचं बोलणं ते जरा जपून वाचू लागले. पण कबूल करतील तर ते आजोबा कसले?

"दोनशे पानं होत आली, अन् हा माणूस अजून बाकालेच रंधा मारून राहिला. तिले एकदा सांगून टाकत नाही कावून?"

"सांगन तो," आजी म्हणाल्या. "तुमी वाचा."

फेब्रुवारीचे शेवटचे दिवस होते. आम्ही एकशे अठ्ठ्याण्णवाव्या पानावर पोहोचलो. चोवीस तारखेची संध्याकाळ, एस्तेरची पेटी भरलेली, सगळे बाक तयार झालेले, एकच उरलेला. दानिएल तिच्या दारात येऊन उभा राहतो. आणि आजोबांनी पुस्तक मिटलं.

"आता बस. डोळ्याचं ऑपरेशन कर, अन् बाकीचं तूच वाच."

आजींना वाटलं, थट्टा आहे. थट्टा नव्हती. आजोबा उठले, मला आतल्या खोलीत नेलं आणि त्यांच्या लोखंडी पेटीत, जुन्या हेल्मेटच्या आणि सेफ्टी बुटांच्या शेजारी ठेवून कुलूप लावलं. मित्रांनो, तुम्हीच सांगा, याला काय म्हणायचं? पाच वर्षांनी कोणीतरी उघडलं, आणि चौदा पानं राहिली असताना कुलूप!

आजींचा संताप मला पेटीतूनही ऐकू येत होता. दोन दिवस त्या आजोबांशी बोलल्या नाहीत. मग त्यांनी वेगळीच युक्ती काढली. हे पुस्तक ज्यांच्याकडून फिरत आलं, त्यांनाच शेवट विचारायचा. गीताला त्यांनी फोन लावायला बसवलं. गीता बिचारी घाबरली, पण सासूबाईंपुढे करते काय?

सिंधुताई म्हणाल्या, हो हो, फार सुंदर पुस्तक आहे, शेवटी लग्न होतं. आजींनी विचारलं, मुलाचं नाव काय? सिंधुताईंना कुकरची शिट्टी ऐकू आली. मिताली म्हणाली, वाचलंय पण आता आठवत नाही. नीतूनं मात्र सरळ सांगितलं की काकू, खोटं कशाला बोलू, मी पिशवीतून पुरतं बाहेरसुद्धा काढलं नव्हतं. मग माझ्या बाकीच्या बहिणींची चौकशी झाली. एकीला रद्दीत घातलं होतं. एक रायपूरला कोणाच्या तरी नणंदेकडे होती, ती कुठल्या डब्यात ते नणंदेलाही माहीत नव्हतं. वीस घरांत एकीनंही वाचली नव्हती. पेटीत पडल्या पडल्या मला माझीच नव्हे, आम्हा सगळ्यांची लाज वाटली.

त्या दिवशी उमाकांत सकाळची 'ए' शिफ्ट करून दुपारी घरी आला होता. तो वैतागून म्हणाला की आई, लग्नच होत असणार, त्यात एवढं काय?

"लग्न होते ते मले बी ठाऊक हाय," आजी म्हणाल्या. "मले कसं होते ते पाह्यजे."

मित्रांनो, हे वाक्य मी जपून ठेवलंय. ज्यांनी ज्यांनी मला नावं ठेवली, त्यांच्या कपाळावर ते चिकटवावं असं मला वाटतं. जगात कोणती गोष्ट कशी होणार हे कोणालाच ठाऊक नसतं. आजींच्या डोळ्याचं काय होणार, हे डॉक्टरांनाही छातीठोक सांगता येत नव्हतं. माझ्यासारखीच्या पानांत निदान भलतं काही होणार नाही एवढी खात्री असते, आणि मग माणूस निवांतपणे 'कसं' याच्यावर लक्ष देऊ शकतो. दानिएल दारात उभा आहे, तो काय बोलेल, आधी कोण बोलेल, एस्तेर पेटी उघडेल की उचलेल. आजींना ते पाहायचं होतं.

गीताला अचानक मोना आठवली. तिनं नक्की वाचली होती. फोन लागला. गीतानं सगळी हकीकत सांगितली आणि फोन आजींच्या कानाला लावला. मोना हसली. सांगते म्हणाली, मला तर पाठ आहे.

"तर मावशी, नाताळच्या सकाळी दानिएल चर्चमध्ये येतो, आणि त्याच्या हातात..."

"थांब बाई. नको सांगू."

मोना थांबली. आजींनी फोन गीताच्या हातात दिला. बहिणीचा डोळा त्यांना आठवत असणार. मला पेटीतून दिसत नव्हतं, पण पलंग करकरला तो मी ऐकला.

"गीता, दवाखान्यात फोन लाव," त्या म्हणाल्या. "विचार, कवा येऊ."

मार्चच्या पहिल्या आठवड्यात डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्या दिवशी घर रिकामं होतं आणि मी अंधारात दानिएलसारखी दारात उभी होते. संध्याकाळी सगळे परतले. ऑपरेशन नीट पार पडलं होतं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, तेव्हा आजींनी पहिल्यांदा काय पाहिलं म्हणे, तर गीताच्या साडीचा रंग, आणि ही कधी घेतली असं विचारलं. पण वाचायचं लगेच नव्हतं. महिनाभर थेंब घालायचे, मग चष्म्याचा नंबर निघणार, मग चष्मा बनणार. मला पुन्हा वाट पाहणं आलंच.

आणि या महिनाभरात आजोबांनी माझा जीव खाल्ला. रोज दुपारी ते पेटी उघडत. मला बाहेर काढत. एकशे अठ्ठ्याण्णवावं पान उघडत. माझा आनंद गगनात मावत नसे. वाचा आता, आजोबा, पान उलटा! ते त्या पानाकडे पाहत, चष्मा काढून पुसत, आणि मला मिटून परत हेल्मेटशेजारी ठेवत. रोज! मला वाटलं, या माणसाला वाचायचंच नाही, नुसतं छळायचं आहे. मी त्यांना मनात काय काय बोलले ते इथं सांगता येणार नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात चष्मा आला. बाहेर ऊन रणरणत होतं, म्हणून सगळे आतल्या खोलीत कूलरसमोर बसले होते. आजोबांनी पेटी उघडून मला आजींच्या मांडीवर ठेवलं. आजींनी आधी कव्हर पाहिलं. कुंकवाच्या बोटावरून अंगठा फिरवला. मग त्यांनी चष्म्यातून आजोबांकडे पाहिलं.

"तुमाले तं ठाऊक असंन शेवट."

"मले कुठं ठाऊक? मी नाही वाचला."

"दीड महिना तुमच्या पेटीत होती."

"होती," आजोबा म्हणाले. "तुले सोडून पुढं कसा जाऊ?"

मित्रांनो, मीच चुकले होते. एवढे दिवस मी ज्यांना शिव्या देत होते, ते रोज दुपारी पान उघडून, पुढं काय झालं हे जाणून घ्यायची तीव्र इच्छा होत असूनही, मला मिटत होते. मला फार वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं.

आजी वाचू लागल्या. ओळीखाली बोट धरून, शब्द लावत, मोठ्यानं. चौदा पानांना तीन दुपारी लागल्या. आजोबा डोळे मिटून ऐकत होते आणि एकदाही लाकडाबद्दल बोलले नाहीत. शेवटचं पान आलं. त्यांनी ते मनातल्या मनात वाचलं आणि पदर डोळ्याला लावायला गेल्या, तेव्हा गीता ओरडली की डोळ्याला हात नाही लावायचा. आजोबांनी डोळे उघडले.

"झालं का लग्न?"

"झालं."

"कसं?"

आजी त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. दीड महिना अडून बसलेल्या माणसानं अखेर तोच प्रश्न विचारला होता. मग त्या हसल्या आणि शेवटचं पान त्यांनी पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचलं.

कसं झालं ते मी तुम्हाला सांगणार नाही. हवं असेल तर वाचा. मला पाच वर्षं छळलंत, तेवढं तरी करा.

यंदाच्या संक्रांतीला गीतानं पुन्हा प्लास्टिकचे डबे आणले. पण नलूआजींनी मला नीतूसाठी बाजूला काढून ठेवलं, कारण तीच एक खरं बोलली होती. पिशवीत नाही घातलं. पहिल्या पानावर, स्वतःच्या हातानं, जरा वाकड्या अक्षरांत त्यांनी लिहिलं, "वाचल्याबिगर पुढं देऊ नये. नलू." मग कुंकवाचं आणखी एक बोट लावलं, जुन्याच्या शेजारी.

तर मित्रांनो, तुमच्या घरात कपाटात, खुंटीवर, मिक्सरखाली माझी एखादी बहीण असेल तर तिला बाहेर काढा. पुस्तक जपायचं म्हणजे झाकून ठेवायचं नव्हे. शाळेत तुम्हाला शिकवतात, पुस्तकाचं पान मुडपू नये. बरोबर आहे, मुडपू नये. काल दुपारी नीतूनं एकेचाळिसाव्या पानावर वाचता वाचता घड्याळ पाहिलं, मुलांची शाळेची रिक्षा यायची वेळ झाली होती, आणि तिनं पानाचा कोपरा खसकन मुडपला. मला दुखलं. मी काही बोलले नाही.